वस्ताद कसा ओळखावा?

पनवेलच्या बाजारपेठेतून अथवा नव्या वसाहतींच्या रस्त्यांवरून संध्याकाळी सहज फेरफटका मारला, तरी कराटे, मुष्टियुद्ध, किक्-बॉक्सिंग आणि ‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’ शिकविणाऱ्या वर्गांच्या पाट्या जागोजागी दृष्टीस पडतात. आमच्या शाळेतील मधल्या सुटीच्या गप्पांतही हा विषय आता शिरला आहे. अमेरिकेतील अमुक गुरू थोर की ब्राझीलमधील तमुक, या तालमीचा ठोसा जबर की त्या तालमीची लाथ, असे वाद आम्ही स्वतः ऐकले आहेत. पालकांचा प्रश्न मात्र निराळा असतो. ते आम्हांस एका बाजूस घेऊन हळूच विचारतात, “मुलास अशा ठिकाणी पाठवावे काय? आणि पाठवावयाचे, तर कोणाकडे?”

या प्रश्नास आम्ही पूर्वी हसून बगल देत असू. परंतु गतवर्षी एक प्रसंग घडला. एक चुणचुणीत मुलगा दोन दिवस वर्गात डोके धरून बसे. फळ्यावरील मजकूरही त्यास धड उतरवून घेता येईना. चौकशी केली तेव्हा कळले की, बाहेरील एका वर्गात त्याच्याहून थोराड मुलाशी झुंजताना त्याच्या कानशिलावर ठोसा बसला होता, आणि “मर्दासारखा सोस” एवढाच उपदेश त्यास मिळाला होता. घरी सांगितले तर वर्ग बंद होईल, या भीतीने तो मुकाट राहिला होता. सुदैवाने डॉक्टरांच्या तपासणीत गंभीर असे काही आढळले नाही. तथापि त्या दिवसापासून ‘थोर गुरू कोण?’ हा प्रश्न आम्हांस केवळ गप्पांचा वाटेनासा झाला. म्हणून या विद्येतील काही नामांकित गुरू व त्यांच्या तालमी यांची तुलना करून, उत्तम वस्तादाची लक्षणे कोणती, हे येथे सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम हा नवा खेळ म्हणजे काय, ते पाहू. कुस्तीत प्रहार वर्ज्य, मुष्टियुद्धात पकड वर्ज्य. मिश्र युद्धकलेत मात्र दोहोंस मुभा असते. ठोसा, लाथ, गुडघा, कोपर हे प्रहार. आणि उचलून पाडणे, सांधा मुरगळून धरणे, गळा आवळणे या पकडी. इ. स. १९९३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर शहरी ‘अल्टिमेट फायटिंग चँपियनशिप’ या संस्थेने पहिला सामना भरविला, तेव्हा नियम फारच थोडे होते. पुढे टीका झाली आणि इ. स. २००० च्या सुमारास सर्वमान्य नियम तयार झाले. डोळ्यांत बोटे घालणे, डोक्याने धडक देणे, मस्तकाच्या मागील बाजूस मारणे हे निषिद्ध ठरले; वजनाचे गट व पाच-पाच मिनिटांचे डाव ठरले. हातमोजे मात्र पातळच राहिले. ते सामान्यतः चार औंसांचे, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम वजनाचे असतात. व्यावसायिक मुष्टियुद्धातील मोजे आठ ते दहा औंसांचे असतात.

प्रहाराची विद्या आपल्याकडे नवी आहे, असे मात्र कोणी समजू नये. लाठी, बोथाटी, फरीगदगा, दांडपट्टा या साऱ्या प्रहाराच्याच विद्या होत, आणि त्यांचे गुरू आपल्या परिसराशी निकट संबंध असलेले आहेत. पनवेलहून गोव्याच्या मार्गाने थोडे पुढे गेले की शिरढोण गाव लागते. तेथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. पुढे पुण्यास नोकरीत असताना त्यांनी ज्या वस्तादांकडे शस्त्रविद्येचे धडे घेतले, ते म्हणजे लहुजी राघोजी साळवे होत. लहुजींचा जन्म इ. स. १७९४ मध्ये पुरंदरच्या पायथ्याशी झाला. त्यांचे वडील राघोजी १८१७ च्या खडकीच्या लढाईत पडले. त्यानंतर लहुजींनी पुण्यातील गंज पेठेत तालीम चालविली व तीत कुस्ती, पट्टा, लाठी व निशाणबाजी शिकविली.

या तालमीची खरी थोरवी डावपेचांत नाही, ती तिच्या दारात आहे. लहुजी स्वतः मांग जातीचे. त्या काळी ज्यांची सावलीही विटाळाची मानीत, अशा समाजातील. तरीही त्यांच्या हाताखाली वरिष्ठ जातींची मुले शिकावयास येत. जोतीराव फुले यांनीही या तालमीत मेहनत केली. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकत आणि तालमीत पट्टा फिरवीत. पुढे त्यांनी मुलींच्या व अस्पृश्यांच्या शाळा काढल्या आणि लोक त्यांच्यावर उठले, तेव्हा लहुजी व त्यांचे शागीर्द पाठीशी उभे राहिले. लहुजींच्याच कुळातील मुक्ता या मुलीने जोतीरावांच्या शाळेत शिकून आपल्या समाजाच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्रात छापला गेला. ज्या वस्तादाने मनगटे घडविली, त्यानेच लेखणीचेही रक्षण केले. गुरूची पहिली कसोटी आम्हांस येथे सापडते : त्याच्या तालमीचे दार कोणास उघडे आहे, आणि तेथे मिळविलेले बळ कोणाच्या रक्षणासाठी खर्च होते?

दुसरे उदाहरण बडोद्याचे. तेथे जुम्मादादा नावाचे थोर उस्ताद होऊन गेले. त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी गुरूच्या नावाने व्यायाममंदिर चालविले आणि आपले आयुष्य त्यास वाहिले. मुसलमान गुरूचे नाव हिंदू शिष्याने आपल्या संस्थेच्या दारावर अभिमानाने लिहिले, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. माणिकरावांची आणखी एक ख्याती अशी की, ते मोडलेली हाडे व निखळलेले सांधे बसविण्यात निष्णात होते. मारावयास शिकविणाऱ्यास बरे करण्याचीही विद्या अवगत असावी, ही जुनी रीत होती. आजच्या वर्गात हे काम डॉक्टरांनी करावयाचे. पण त्यांस केव्हा बोलवावे, इतके तरी वस्तादास उमगले पाहिजे. ही दुसरी कसोटी.

तिसरे उदाहरण वऱ्हाडातील अमरावतीचे. वैद्य बंधूंनी १९१४ साली तेथे हनुमान आखाडा सुरू केला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने विख्यात झाला. या संस्थेने एका वस्तादावर विसंबण्याऐवजी शिक्षक तयार करण्याचा उद्योग आरंभिला. सुटीत वर्ग भरवावेत, गावोगावचे तरुण बोलवावेत, त्यांस शास्त्रशुद्ध शिक्षण द्यावे आणि मग त्यांनी आपापल्या गावी जाऊन शिकवावे, अशी ही योजना. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने झाले, तेव्हा या मंडळाचे पथक तेथे जाऊन हुतूतूसारखे देशी खेळ दाखवून आले. एका गुरूचे कौशल्य त्याच्याबरोबर लोपते. पद्धत मात्र मागे उरते. शिकविण्याची काही ठरलेली पायरी आहे की वस्तादाच्या लहरीवर सारा कारभार चालतो, हे पाहणे ही तिसरी कसोटी होय.

चौथे उदाहरण कुस्तीचे असले, तरी ते गाळता येत नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापुरास मल्लविद्येचे माहेरघर केले. खासबागचे मैदान १९१२ साली तयार झाले. त्याच कोल्हापुरात शिकलेले खाशाबा जाधव, कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे, १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले. जन्म लाल मातीत गेला. तेथे गादीवरची कुस्ती आणि नियमही परके. तरीही रीस गार्डनर या अमेरिकन शिक्षकाने त्यांस नव्या पद्धतीचे मर्म समजावून दिले आणि ते सहावे आले. परत येऊन त्यांनी चार वर्षे त्या रीतीने मेहनत केली. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यास पैसा नव्हता. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तेथे खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. मातीतल्या वस्तादांनी पाया घातला, परक्या शिक्षकाने त्यावर नवी भिंत चढविली आणि एका प्राचार्यांनी छप्पर घातले. एकटा गुरू सर्व काही करतो, ही समजूत या कथेने पार नाहीशी होते.

आता समुद्रापलीकडच्या तालमींकडे वळू. मुलांच्या तोंडी ज्यांची नावे असतात, त्यांपैकी चौघांचाच येथे विचार करू.

ब्राझीलमधील कुरिचिबा नगरातील ‘शुटे बॉक्से’ ही तालीम कठोर मेहनतीबद्दल प्रसिद्ध. तेथे घडलेले रफाएल कॉर्देरो हे पुढे कॅलिफोर्नियास गेले व त्यांनी ‘किंग्ज’ नावाची तालीम काढली. थायी पद्धतीचे गुडघे व कोपरे आणि सतत पुढे सरून प्रतिस्पर्ध्यास श्वास घेऊ न देणे, हा त्यांच्या शिकवणीचा विशेष. १९१५ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे २०१५ साली, त्यांचे दोन शिष्य, फाब्रिसिओ व्हेर्डुम व रफाएल दोस आंजोस, दोन निरनिराळ्या वजनांत विजेते झाले.

अमेरिकेतील मिलवॉकी येथील ड्यूक रूफस हे स्वतः किक्-बॉक्सिंगचे योद्धे. त्यांचा शिष्य अँथनी पेटिस याने २०१० साली जाळीच्या भिंतीवर पाय देऊन उसळी घेतली व हवेतून लाथ मारली. ती लाथ जगभर गाजली. पण २०१३ साली त्याच पेटिसने विजेतेपद मिळविले, ते लाथेने नव्हे, तर प्रतिस्पर्ध्याचा हात कोपरात अडकवून. प्रहाराच्या गुरूने शिष्यास प्रहारापुरते कोंडून ठेवले नाही, हे येथे दिसते.

कोलोरॅडोतील ट्रेव्हर व्हिटमन हे तिसरे. त्यांची रीत अगदी उलट : शिष्य मोजके आणि प्रत्येकावर बारकाईने लक्ष. पाय कोठे पडतो, तोल कसा राहतो, हात मागे कसा येतो, या मूळ गोष्टींवर त्यांचा भर. ६ नोव्हेंबर १९२१ ही तारीख शतकापूर्वीची. त्यानंतर शंभर वर्षांनी त्याच तारखेस, २०२१ साली, न्यूयॉर्क येथे एकाच रात्री त्यांचे तीन शिष्य उतरले आणि तिघेही जिंकले.

चौथे न्यूझीलंडमधील ऑकलंडचे युजीन बेअरमन. त्यांची ‘सिटी किक्-बॉक्सिंग’ ही तालीम एका लहान देशातली. मोठे धन नाही, मोठी लोकसंख्या नाही. तरीही इस्राएल आदेसान्या हा त्यांचा शिष्य २०१९ साली विजेता झाला. शेजारच्या ऑस्ट्रेलियातील अलेक्झांडर व्होल्कानोव्हस्की आपले मूळचे गुरू न सोडता समुद्र ओलांडून तेथे सरावास जाई, आणि तोही त्याच वर्षी विजेता झाला. मोठ्या शहरातील नामांकित तालमीतच विद्या असते, असे नाही, हा धीर पनवेलसारख्या गावच्या मुलांनी यातून घ्यावा.

मग या चौघांत श्रेष्ठ कोण? आमचे उत्तर वाचकांस निराश करील. एक जोर वाढवितो, दुसरा कल्पकता, तिसरा अचूकता, चौथा संघभावना. ज्या शिष्यास जे उणे, ते पुरविणारा गुरू त्याच्यापुरता श्रेष्ठ. आपल्या महाराष्ट्रातील भरत खंडारे हा कुस्तीतून या खेळात आला आणि २०१७ च्या नोव्हेंबरात शांघाय येथे अल्टिमेट फायटिंग चँपियनशिपच्या सामन्यात उतरला. पहिल्याच डावात चीनच्या सोंग यादोंगने त्याचा गळा आवळून त्यास हार मानावयास लाविले. कुस्तीत गळा आवळणे निषिद्ध. येथे तेच हुकमी अस्त्र. मातीत कमावलेले बळ नव्या मैदानात पुरते पडावयास नवे शिक्षण किती लागते, हे खाशाबांच्या कथेइतकेच या पराभवानेही कळते.

एक गोष्ट मात्र अशी आहे की, जीवर सर्व गुरूंची परीक्षा व्हावी, आणि ती म्हणजे शिष्याच्या मस्तकाची काळजी. मेंदू हा कवटीत द्रवामध्ये तरंगत असतो. ठोसा बसला की डोके झटक्याने फिरते व मेंदू आतल्या आत हादरतो. बाहेर जखम नसते, रक्त नसते. म्हणूनच ही इजा फसवी. डोकेदुखी, मळमळ, अंधुक दिसणे, विसरणे, चिडचिड, झोपाळूपणा ही तिची चिन्हे. पहिली इजा भरून येण्यापूर्वी दुसरा आघात झाल्यास तो क्वचित प्राणघातकही ठरतो. १९२८ साली अमेरिकेतील डॉ. मार्टलँड यांनी वर्षानुवर्षे ठोसे खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांची चाल अडखळते व बुद्धी मंदावते, हे वैद्यकीय नियतकालिकात मांडले. त्यानंतरच्या संशोधनाने ही भीती दृढच केली आहे. डोक्यावरील शिरस्त्राणाने कातडी फाटणे टळते. परंतु आतील हादरा त्याने थांबतो, असे समजणे चुकीचे आहे. अमेरिका व कॅनडा येथील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०११ साली मुलांच्या मुष्टियुद्धास स्पष्ट विरोध नोंदविला, तो याच कारणास्तव.

याउलट पाहा : मॅक्स हॉलोवे हा हवाई बेटांतील विजेता योद्धा, ज्याच्या ठोशांची संख्या पाहून लोक थक्क होतात, त्याने सरावात एकमेकांस जोराने मारणे सोडून दिल्याचे स्वतः सांगितले आहे. ज्याचा हा पोटाचा धंदा, तो जर मस्तक जपतो, तर आठवीतल्या मुलाने रोज संध्याकाळी ते ठोशांपुढे का ठेवावे?

दुसरा धोका वजन घटविण्याचा. खालच्या गटात बसण्यासाठी पाणी तोडणे, घाम गाळणे, उपाशी राहणे हे प्रकार चालतात. १९९७ साली अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीगीरांपैकी तिघे तरुण अशाच प्रयत्नात थोड्या आठवड्यांच्या अंतराने मरण पावले, तेव्हा तेथील नियम बदलावे लागले. वाढत्या वयाच्या मुलास पाणी तोडावयास सांगणारा मनुष्य वस्ताद नव्हे, हे पालकांनी निःशंक मानावे.

आता पालकांसाठी थोडक्यात सांगतो. वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी एक संध्याकाळ तेथे बसून पाहावे. नवशिक्यास पहिल्या महिन्यातच झुंजीस उभे करतात, की आधी पवित्रा, तोल, पडणे व श्वास शिकवितात? जोड्या लाविताना वय व वजन पाहतात की नाही? मुलांच्या डोक्यावर प्रहार करण्यास मनाई आहे काय? मार लागलेल्या मुलास त्या दिवशी बाजूस बसवितात काय, आणि घरी कळवितात काय? मुलींस व अशक्त मुलांस तेथे तितकाच मान मिळतो काय? आणि शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे : वस्तादापाशी जाऊन “मला लागले आहे” असे सांगावयास मूल भीत नाही ना? या सर्वांची उत्तरे समाधानकारक असतील, तर भिंतीवर पदके कमी असली तरी खुशाल पाठवावे. नसतील, तर भिंती पदकांनी भरलेल्या असल्या तरी माघारी फिरावे.

विद्यार्थ्यांस सांगावयाचे ते इतकेच. बळ मिळवा; अवश्य मिळवा. दुबळेपणा हा काही सद्गुण नव्हे. प्रेषित पौलानेही करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात शर्यतीचा व मुष्टियुद्धाचा दृष्टान्त दिला आहे, आणि त्याचा रोख दुसऱ्यास पाडण्यावर नसून स्वतःच्या देहास शिस्त लावण्यावर आहे. सोसणे व लपविणे यांत अंतर आहे. मेहनत सोसावी, पराभव सोसावा, वस्तादाचे कठोर बोल सोसावेत. इजा मात्र लपवू नये.

वर ज्या मुलाची हकीकत सांगितली, तो आता दुसऱ्या एका वर्गात लाठी शिकतो. गेल्या पावसाळ्यात फुटबॉल खेळताना चेंडू त्याच्या डोक्यावर जोराने आदळला. खेळ रंगात आला होता. त्याचा संघ एका गोलाने मागे होता. तो स्वतःहून मैदानाबाहेर आला आणि आम्हांस म्हणाला, “सर, डोके थोडे गरगरते आहे, मी बसतो.” त्याच्या सोबत्यांपैकी एकदोघे हसले. आम्ही त्यास आपल्याजवळ बसविले व घरी निरोप धाडला. सामना आमचा संघ हरला. परंतु ज्यास त्याचे वस्ताद इतके शिकवू शकले, त्या मुलाविषयी आम्हांस आता काळजी वाटत नाही.